पॅसेजमधली पाल

मस्कत
१० मार्च १९९५

प्रिय अनुया,

दयाराम पुढच्या आठवड्यात रजेवर घरी निघतोय. आमच्या फायर सेक्शनमधला, उरणचा. त्याच्याबरोबर एक खोका पाठवतोय. त्यात रेवाचे बूट आहेत, आईच्या गुडघ्यांसाठी मलम आहे, तुझ्यासाठी एक साडी आहे आणि एक धुराचा अलार्म आहे.

हसू नकोस. दिवसभर दुसऱ्यांच्या तेलाच्या टाक्या जळू नयेत म्हणून राबायचं आणि आपल्या घरी आग विझवायला काय, तर न्हाणीघरातली निळी बादली. हे मला बरेच दिवस टोचत होतं. त्यातून पनवेलचे डास आणि आईची ती मच्छर अगरबत्तीची वडी. ती खाटेखाली पेटवून ठेवते आणि वरून गोधडीचं टोक लोंबत असतं. माझं दहा वेळा सांगून झालं, तुझं वीस वेळा. ती ऐकायची नाही. मग ऐकणारं काहीतरी घरात हवं.

दुकानात दोन प्रकारचे होते. एकाला भडकलेली आग चटकन कळते, पण तो फोडणीलाही कोकलतो. दुसऱ्याला धुमसणारी आग आधी कळते, म्हणजे गादी, गोधडी, कापूस. मी दुसरा घेतला. आता नीट वाच. तो स्वयंपाकघरात लावायचा नाही. पंख्याजवळ नाही, कोपऱ्यात नाही. आई आणि रेवा झोपतात त्या खोलीच्या दाराबाहेर, पॅसेजच्या छताला, भिंतीपासून दोन विती सोडून. दाराला फट ठेवत जा, बंद दाराआडचा धूर बाहेर यायला वेळ लागतो. त्याच्यावरचं प्लॅस्टिक काढायचं. आपल्याकडे टीव्हीच्या रिमोटवरचं प्लॅस्टिक तीन वर्षं निघत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. महिन्यातून एकदा रेवाच्या चित्रकलेच्या कोरड्या ब्रशने धूळ झाडायची. दर शनिवारी बटण दाबून तो ओरडतो का ते बघायचं. दर शनिवारी. एखादा चुकवायचा नाही.

भोक पाडायला कोणी इलेक्ट्रिशियन मिळतो का ते समोरच्या दिनानाथकाकांना विचार. मी गेल्यावर राहायला आले, तरी त्यांच्या फोनवर दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आपलं बोलणं होतं, म्हणून मला ते शेजारीच वाटतात. सप्टेंबरअखेर करार संपतो. मग शनिवारचं बटण माझ्याकडे.

तुझा,
कुमार

---

नवीन पनवेल
२ एप्रिल १९९५

प्रिय कुमार,

खोका पोचला. साडीचा रंग मी स्वतः कधी घेतला नसता, म्हणून जास्त आवडली.

दयारामभाऊ रविवारी सकाळी आले. अलार्म खोक्यातून काढून आईंपुढे धरला नि म्हणाले, "आजी, ह्यो भोंगा हाय. घरान धूर झाला का असा वरडतंय का आख्खी बिल्डिंग गोला व्हल." आईंनी विचारलं, उदबत्तीला ओरडेल का. "नाय वो, तुमचे पोरान बघून घेतलाय." त्या दिवसापासून आपल्याकडे त्याला भोंगाच म्हणतात. आईंनी तो लगेच शोकेसमध्ये ठेवला, प्लॅस्टिकसकट, तुमच्या शाळेतल्या बक्षिसाच्या कपाशेजारी. बाहेरची वस्तू छताला कशाला, कोणाला दिसणार पण नाही, असं त्यांचं म्हणणं. तुमचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा कुठे बाहेर निघाला.

इलेक्ट्रिशियन शोधावाच लागला नाही. दिनानाथकाकांचे चिरंजीव अविनाशभावजी तळोज्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. त्यांच्याकडे ड्रिल आहे आणि शिडीही. त्यांनी शिडीवर उभं राहून तुमच्या पत्रातला अलार्मचा भाग दोनदा वाचला (बाकीची घडी घालून दिली होती), दोन विती स्वतःच्या हाताने मोजल्या आणि म्हणाले, "लिहिणारा माणूस पक्का आहे." मग बटण दाबलं. रेवा खाटेखाली, आई देवापुढे आणि खालच्या मजल्यावरच्या बाई चपला न घालता आपल्या दारात. दयारामभाऊ एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग सगळ्यांना पुरी-श्रीखंड वाढलं.

स्टुलावर चढले तरी माझा हात पोचत नाही. त्यामुळे शनिवारी बटण दाबायला अविनाशभावजी शिडी घेऊन येतील, तसं ठरलंय. तुम्ही निर्धास्त राहा.

तुमची,
अनुया

---

मस्कत
२० एप्रिल १९९५

प्रिय अनुया,

काम झालं, बरं झालं. काही बारीकसारीक गोष्टी विचारायच्या आहेत.

दोन विती त्याच्या हाताने मोजल्या की तुझ्या? माणसामाणसाची वीत वेगळी असते. घडी घालून दिलेलं पत्र शिडीवरच्या माणसाला उलगडता येत नाही, असं तुला वाटतं का? मी त्या पत्रात पुढे काय लिहिलं होतं ते आता मला आठवत नाही, म्हणून विचारतो. आणि "लिहिणारा माणूस पक्का आहे" हे सर्टिफिकेट मी कोणाकडे मागितलं नव्हतं. मी हेच काम बारा वर्षं करतोय.

तो भावजी कसा काय झाला? मला भाऊ नाही. वय काय त्याचं? लग्न झालंय का? उंची किती? शिडी लागते म्हणजे फार नसावी. शनिवारी तुझी शाळा अर्धा दिवस असते, तेव्हा तो नेमका किती वाजता येतो? कारखान्यातल्या माणसाला शनिवारी दुपारी घरी कसं राहता येतं, याचंही मला कुतूहल आहे. सगळं सहज विचारतोय.

ब्रशने झाडताना जोर लावायचा नाही. ते तू स्वतः कर.

कुमार

---

नवीन पनवेल
६ मे १९९५

प्रिय कुमार,

सहज विचारलंत, सहज उत्तर देते. चौतीस. नाही. उंची मी मोजलेली नाही, पण तुमच्यापेक्षा दोन बोटं जास्त असेल. पहिली पाळी असते, साडेचारला येतात. शिडी उघडतात, बटण दाबतात, भोंगा ओरडतो, शिडी मिटतात. आई समोर पाटावर बसून शेंगा सोलत असतात. चहा विचारते, कधी घेतात, कधी नाही. आतापर्यंत पाच शनिवार झाले, त्यात तीनदा घेतला. साखर कमी. अजून काही राहिलं का?

कुमार, तुम्हाला हेवा वाटतोय. वाटत असेल तर खोटं कशाला बोलू, मला जरा बरं वाटलं. दोन वर्षं होत आली. माझ्याविषयी काही वाटून तुम्ही पानभर प्रश्न विचारलेत, असं पहिल्यांदाच झालं. एरवी गुडघे, बूट, शाळेची फी. पण हे गमतीपुरतं ठेवा. तो माणूस साधा आहे. त्याला भावजी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? नावाने हाक मारली तर तुम्हाला अजून राग येईल.

कालच्या शुक्रवारी फोनवर तुम्ही दोन मिनिटं बोललात आणि त्यात एक मिनिट दिनानाथकाकांच्या तब्येतीची चौकशी केलीत. मी समोर उभी होते.

अनुया

---

मस्कत
२५ मे १९९५

अनुया,

दयाराम परत आला. दोन महिन्यांचं गावाकडचं सगळं सांगून झालं, मग म्हणाला, "तुजे घरान लय मजा झाली रं. त्यो शिडीवर, वयनी शिडी धरून उबी, न पोरगी टाल्या वाजवतंय. मना वाटला तुजा भाऊच हाय." आख्ख्या मेसमध्ये सांगितलं त्याने हे. लोक हसले. मीही हसलो.

तू शिडी धरली होतीस, हे तुझ्या पत्रात नव्हतं. रेवा टाळ्या वाजवत होती, हे नव्हतं. तिने माझ्यासाठी शेवटच्या टाळ्या कधी वाजवल्या ते मला आठवत नाही.

हो, मला हेवा वाटतो. गमतीपुरता नाही. मी इथे रोज चाळीस अलार्म तपासतो आणि माझ्या घरातला एकुलता एक तपासायला दुसरा येतो. ज्या छताचे हप्ते मी भरतो त्याला त्याचा हात लागतो. माझी आई त्याच्यासमोर शेंगा सोलते, माझी बायको त्याच्या चहात साखर कमी घालते. हा माणूस मी कधी पाहिलेला नाही आणि जेवताना, आंघोळ करताना, टाकीवर चढताना मला दुसरं काही दिसत नाही.

यापुढे त्याने आपल्या घरात यायचं नाही. बटण काठीने दाब, जगभर लोक काठीने दाबतात. भावजी म्हणणं बंद. मी आता त्यांच्याकडे फोन करणार नाही, तूही तिथे बसायला जायचं नाही. एवढं ऐकलंस तर पुढचं बोलू.

कुमार

---

नवीन पनवेल
१८ जून १९९५

श्री. कुमार यांस,

शिडी धरली होती. शिडी धरली नाही तर माणूस पडतो.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. गेल्या शनिवारी अविनाश शिडी घेऊन आले तेव्हा दारातच सांगितलं, यापुढे लागणार नाही, आम्ही करू. त्यांनी कारण विचारलं नाही. "बरं, वहिनी" म्हणाले आणि शिडी घेऊन परत गेले. मला एवढी लाज माझ्या आयुष्यात कधी वाटली नव्हती. दिनानाथकाकांना आई भेटत नाहीत आता. त्यांना काय सांगायचं ते तुम्ही लिहून पाठवलं नव्हतं.

काठीचा प्रयोग केला. आईंनी झाडू वर करू दिला नाही, लक्ष्मी आहे म्हणाल्या. मग पडद्याची काठी घेतली. बटण बोराएवढं, काठी सारखी घसरते. छताचा रंग उडाला, भोंगा ओरडला नाही. काल पुन्हा करून बघितलं. मान अवघडली, म्हणून सोडून दिलं. दोन शनिवार चुकले, तुम्ही चुकवायचा नाही म्हणाला होतात तरी.

रेवाला शाळा उघडल्याउघडल्या झालेल्या उजळणीच्या चाचणीत गणितात अठ्ठावीस पडले, तीसपैकी. टाळ्या मी वाजवल्या.

अनुया

---

नवीन पनवेल
१६ जुलै १९९५

प्रिय कुमार,

महिना झाला, तुमचं पत्र नाही. फोन तर बंदच. असं किती दिवस चालायचं? मी आधी लिहिते, म्हणजे माझी मान खाली गेली असं समजू नका.

पाऊस असा आहे की गाढी नदी पुलाला टेकली. कपडे वाळत नाहीत, डास मात्र जोरात. रेवाला सर्दी-ताप येऊन जाऊन आहे. आई तिच्या उशाशी वडी पेटवतात. मी हलवते, त्या परत आणतात.

घरात एक नवीन पाहुणी आली आहे. पॅसेजमध्ये कुठेतरी पाल झालीय. दिसत नाही, पण दिवसभर चुकचुकते. खुंट्यांमागे बघितलं, माळ्यावर बघितलं, सापडत नाही. रेवा म्हणते, आपल्या पालीला घड्याळ येतं. आईंना मात्र ती फार आवडली आहे. त्या काही बोलल्या आणि ती चुकचुकली की जमिनीवर तीनदा बोटं वाजवतात आणि "सत्य आहे" म्हणतात. परवा म्हणाल्या, कुमार गणपतीला येणार. लगेच चुकचुकली. काल म्हणाल्या, माझ्या पोराच्या मनात काहीतरी आहे. परत चुकचुकली. मी हसले आणि मग मला रडू आलं.

तुम्ही होतात तेव्हा घरात कधी पाल नव्हती. या आणि हाकला.

तुमची,
अनुया

---

मस्कत
३० जुलै १९९५

अनुया,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. शाळेत मराठी शिकवतेस, तेव्हा तुला लिहिता येतं यात नवल नाही.

पाल कुठे चुकचुकते ते मला कळतं. ती पॅसेजमध्ये नाही, माझ्या मनात आहे, असं तुला म्हणायचंय. सरळ म्हणायचं होतंस, कुमार, तुम्ही संशयी आहात. त्यासाठी आईला मध्ये घेऊन, रेवाच्या तोंडी वाक्यं घालून, दिसत नाही पण दिवसभर चुकचुकते, मी होतो तेव्हा नव्हती, अशी सजवून सांगायची गरज नव्हती. कोणाला वाचून दाखवलंस का हे पत्र? वाचणारा छान हसला असेल.

मी इथे पन्नास डिग्रीत उभा असतो. मला टोमणे लिहून पाठवू नकोस. त्या पालीविषयी मला परत एक शब्दही नको.

कुमार

---

मस्कत
९ ऑगस्ट १९९५

अनुया,

हे पत्र हातात पडताक्षणी उठ. पुढचं नंतर वाच. भोंग्यातली बॅटरी संपत आली आहे. चौकोनी असते, वर दोन बटणं असलेली. पनवेल स्टेशनजवळच्या रेडिओवाल्याकडे मिळेल. झाकण डावीकडे फिरवलं की निघतं. आजच्या आज बदल. ज्याला बोलवायचं त्याला बोलव.

काल दुपारी मी आणि दयाराम गोदामात होतो. जुन्या अलार्मच्या खोक्यांतून बारीक आवाज आला. दयाराम म्हणाला, "पाल वरडतंय काय रं?" मी म्हटलं, इथे कुठली पाल, बॅटरी उतरली की हे असेच मिनिटा-मिनिटाला चिवचिवतात. बोललो आणि तुझं पत्र आठवलं. घड्याळ येणारी पाल. रेवाला कळलं होतं. बारा वर्षं हेच काम करणाऱ्याला कळलं नाही. तुला पाठवलेला अलार्मही दुकानातल्या जुन्याच मालातला असणार, त्याच्या बॅटरीवरची तारीख मी बघितली नव्हती.

तू पाल लिहिलंस ती पालच होती. टोमणा मीच वाचला. तीस तारखेचं पत्र फाडून टाक.

फोन केला असता, पण कालपासून इथल्या लाइनी बंद आहेत. म्हणून पत्र, अर्जंट टपालाने. तार केली तर आई दार उघडायच्या आधीच आडवी होईल, तुला माहीत आहे.

वडी खाटेखालून काढ. आधी बॅटरी.

कुमार

---

नवीन पनवेल
२४ ऑगस्ट १९९५

श्री. कुमार यांस,

आधी हे वाचा. रेवा आणि आई दोघीही जिवंत आहेत.

सतरा तारखेला, गुरुवारी, शाळेत पालकसभा होती. मला यायला सहा वाजले. रेवाला ताप होता, आईंनी तिला निजवलं, डास आत येतात म्हणून दार घट्ट लावून घेतलं आणि वडी पेटवून तिच्याजवळ पडल्या. दोघींना झोप लागली. गोधडीचं टोक वडीवर आलं. ज्वाळा झालीच नाही, नुसती गोधडी आणि खालची गादी धुमसत राहिली, तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलं होतं तशीच. धूर दाराखालच्या फटीतून पॅसेजमध्ये आला होता, भोंग्याच्या बरोबर खाली, भिंतीला काळा पट्टा उमटलाय. भोंगा ओरडला नाही. दहा तारखेच्या सुमारास पाल गप्प झाली होती. आईंनी पाल गेली म्हणून देवापुढे साखर ठेवली होती.

अविनाशभावजींना जिन्यात वास आला. त्यांनी मला दवाखान्यात स्वतःहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं. म्हणाले, "वहिनी, तुमच्या दारापर्यंत आलो आणि थांबलो. तुम्ही येऊ नका म्हणाला होतात. काही जळलं असेल, आपण गेलो तर परत तुम्हाला त्रास, असं वाटून चार-पाच मिनिटं बाहेरच उभा राहिलो." मग त्यांनी दार फोडलं. सांगताना ते रडत होते.

आईंनी जळती गोधडी हाताने ओढली होती, उजवा पंजा भाजलाय. मूठ पूर्ण वळेल का ते डॉक्टर महिन्याने सांगतील. रेवा दोन दिवस ऑक्सिजनवर होती. आता घरी आहे, बोलते, पण जिना चढताना दोनदा बसते. ती विचारत होती की बाबांचा भोंगा का झोपला. मी तिला बॅटरीचं सांगितलं.

तुमचं नऊ तारखेचं पत्र एकवीसला पोचलं. तीस तारखेचं त्याच्या आधी आलं होतं, ते फाडलेलं नाही.

आता एकच विचारायचंय. दयारामभाऊंच्या मंडळी, जनीवहिनी, परवा आईंना बघायला उरणहून आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "आठ तारकेला सांजचे यांचा फोन आलता, चांगला दहा मिन्टा बोलले. तवाच बोलले, तुमचे घरची पाल पाल नाय, बॅटरी हाय. मना वाटला तुमाला भावोजींनी कवाच सांगला आसल." लाइनी बंद नव्हत्या. तुम्हाला आठ तारखेला कळलं होतं आणि आग सतराला लागली. मध्ये नऊ दिवस होते. दिनानाथकाकांचा नंबर तुम्हाला पाठ आहे.

फोन का केला नाहीत? याचं खरं उत्तर द्या. करार संपल्यावर तुम्ही या घरी यायचं की नाही, ते मी त्यावर ठरवणार आहे. आईंना यातलं काही सांगितलेलं नाही. त्या अजून तुमच्या येण्याचे दिवस मोजतात.

बॅटरी बदलली. शिडी विकत घेतली आहे. मीच चढते.

अनुया

---

मस्कत
५ सप्टेंबर १९९५

अनुया,

तुझं पत्र येऊन दोन दिवस झाले. पहिलं उत्तर लिहिलं त्यात बूथवर गर्दी होती असं लिहिलं होतं, ते फाडलं. दुसऱ्यात लिहिलं की रात्रपाळी लागली. तेही फाडलं. आईच्या हाताबद्दल चार ओळी लिहिल्या आणि वाचून बघितल्या, तर मला तुझ्याकडून दया हवी होती असं त्या ओळींवरून दिसत होतं. त्याही काढल्या. रेवा जिन्यात बसते, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचतो.

मी यायचं की नाही ते तू ठरवणार आहेस. ते तूच ठरव. मी काही मागत नाही. दिनानाथकाकांना आणि त्यांच्या मुलाला मी वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यात माफी मागितली आहे, ती त्यांनी द्यावी अशी अपेक्षा नाही.

आता खरं. आठ तारखेला संध्याकाळी मी फोन केला होता.

दयाराम आणि मी एकाच रांगेत उभे होतो. त्याचं बोलून झालं, मी आत गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. मी कुमार बोलतोय, समोर जाऊन सांगा, बॅटरी बदला. पाच सेकंदांचं काम. काका उचलतील असं धरून चाललो होतो, नेहमी तेच उचलायचे. या वेळी त्याने उचलला.

चार महिने मी त्याला मनात घडवत होतो. तेल लावलेले केस, गुळगुळीत बोलणं, कोणाच्या बायकोशी कसं बोलावं ते ठाऊक असलेला. तो म्हणाला, "हॅलो." मी काही बोललो नाही. परत म्हणाला, "हॅलो, लांबून बोलताय का? सावकाश बोला, मी थांबतो." आणि तो खरंच थांबला. मी बोलायची वाट बघत.

भला माणूस होता, अनुया. एवढ्या दोन वाक्यांत मला ते कळलं. तेच मला सहन झालं नाही आणि मी फोन ठेवला.

कुमार